डोंगरआईचे दोन जावई

या, जवळ या. पाय आत घ्या, नाहीतर गोधडी पुरायची नाही. हं, आता ऐका.

फार फार जुनी गोष्ट. समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, रस्त्यांना फाटे फुटले नव्हते, तेव्हाची. तेव्हा एक होता डोंगर. डोंगर म्हणजे बाई होती ती, बरं का. सगळे तिला डोंगरआई म्हणायचे. तिचा माथा ढगात आणि पाय दोन देशांत. सकाळी तिची सावली पश्चिमेच्या देशावर पडायची, संध्याकाळी पूर्वेच्या देशावर. दोन्हीकडची माणसं त्या सावलीकडे बघून गुरं सोडायची आणि गुरं बांधायची.

ती बोलायचीसुद्धा. तिचं बोलणं म्हणजे दगडाखालून पाणी जातं ना, तसा आवाज. घाईत असलेल्याला तो ऐकूच यायचा नाही. जो घटकाभर थांबेल त्यालाच कळायचा.

एकदा काय झालं, डोंगरआईला आपल्या कपारीत दोन तान्ह्या मुली सापडल्या. कुणाच्या, कुठल्या, काही पत्ता नाही. एक कांचनाच्या झाडाखाली होती, तिचं नाव ठेवलं कांचन. दुसरीच्या अंगावर सावरीचा कापूस पडला होता, ती सावरी. मग डोंगरआईनंच त्यांना वाढवलं. रानगाईनं दूध दिलं. मधमाश्यांनी मध दिला. थंडी पडली की एक वाघीण यायची आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून झोपायची. भ्यायचं नाही हं. तिच्या पोटाशी त्या दोघी घोरायच्या.

पायथ्याशी पांगरवाडी नावाची चार झोपड्यांची वाडी होती. तिथली सोमी त्यांची मैत्रीण. तिघी मिळून करवंदं खायच्या, नदीत डुंबायच्या, झाडावर चढून ढगाला हात लावायच्या. सावरीला तर वाटायचं, सगळ्यांच्याच आया एवढ्या मोठ्या असतात.

मुली मोठ्या झाल्या. मग पूर्वेच्या देशातून राजा उदयकेतू आला आणि पश्चिमेच्या देशातून राजा वरुणसेन आला. उदयकेतूकडे शेतं, किल्ले, हत्ती. वरुणसेनकडे समुद्र, गलबतं, बंदरं. दोघंही तरुण, दोघंही देखणे. कांचनचं लग्न वरुणसेनशी लागलं, सावरीचं उदयकेतूशी. म्हणजे दोन्ही राजे एकमेकांचे साडू झाले.

निघताना डोंगरआईनं दोघींना पोटाशी धरलं. ती म्हणाली, "पोरींनो, येत जा गं. माझ्या दारातून लेक रिकाम्या हातानं जायची नाही."

सावरी सासरी सुखात होती. उदयकेतू स्वभावानं चांगला होता. तिच्याशी हसायचा, तिच्या हातचं नाचणीचं आंबील मागून प्यायचा. तिच्या महालाची खिडकी त्यानं मुद्दाम डोंगराकडे काढून दिली होती. त्याला एकच दुखणं होतं. साडूकडे काय चाललंय, हे कळल्याशिवाय त्याला घास जायचा नाही.

एक दिवस बातमी आली. वरुणसेननं एवढी मोठी गलबतं बांधली, की त्यांच्या डोलकाठ्यांवर ढग अडकतात. झालं. उदयकेतू जेवणावरून उठला. तो म्हणाला, "मी मनोरा बांधतो. त्याच्या गलबतांवरून दिसेल असा. सावरी, तू माहेरी जाऊन ये. थोडं लाकूड घेऊन ये."

"किती हवं?" सावरीनं विचारलं.

"आण जमेल तेवढं. तुझ्या आईला काय कमी आहे?"

मग सावरी पालखीत बसून माहेरी गेली. डोंगरआईला कोण आनंद झाला. सावरीनं भीत भीत मागितलं. डोंगरआईनं आपल्या पश्चिमेच्या उताराकडे पाहिलं. कारण आदल्याच महिन्यात कांचन येऊन पश्चिमेच्या उतारावरचं रान मागून घेऊन गेली होती. पण लेकीला नाही कसं म्हणायचं? डोंगरआई पुटपुटली, "जा रे बाळांनो, हिच्याबरोबर जा."

आणि मग काय झालं सांगू? झाडं चालायला लागली.

साग, ऐन, शिसव, किंजळ. ओढा ओलांडताना बायका लुगडं वर धरतात ना, तशी त्यांनी आपली मुळं मातीतून अलगद वर उचलली आणि उतारावरून खाली निघाली. फांद्यांवर घरटी तशीच, घरट्यात अंडी तशीच. मोहोळं तशीच लोंबत होती. पुढं सावरीची पालखी आणि मागं सगळं रान. जमीन हळू हळू हलत होती, पाळणा हलतो तशी. वाटेवरच्या गावातली माणसं बाहेर आली आणि हात जोडून उभी राहिली. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. सावरीनं पालखीचा पडदा बाजूला केला आणि ती बघतच राहिली. एवढं मोठं आपल्यासाठी चालत येतंय, या विचारानं तिचा जीव दडपला.

मग तिनं मागं वळून पाहिलं. जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यासारखा उतार उघडा पडला होता. धनेश पक्ष्यांची एक जोडी हवेत गोल गोल फिरत होती. जिथं त्यांचं झाड होतं तिथं येऊन थांबायची, पाय खाली सोडायची, आणि पुन्हा उडायची.

सावरीनं पडदा ओढून घेतला.

मनोरा झाला. फार उंच झाला. त्यावरून राज्यभर नगारा ऐकू जायचा. मग माणसं लांबलांबून नगरात राहायला आली. भट्ट्या आल्या, बागा आल्या, हत्तींचे तलाव आले. नगर वाढलं तशी तहान वाढली. तेवढ्यात पुन्हा बातमी आली. वरुणसेननं म्हणे गलबतं घराच्या दारापर्यंत यावीत म्हणून गोड्या पाण्याचे कालवे खणले, आणि प्रत्येक चौकात कारंजं बसवलं.

उदयकेतू म्हणाला, "सावरी, माहेरी जाऊन ये. या खेपेला नदी आण."

"अहो, नदी कशी आणायची?"

"तुझी आई सांगेल."

मग सावरी गेली. डोंगरआईनं एक भलीमोठी शिळा बाजूला सारली. खाली खोल खोल कोनाडा होता. ट्रंकेत नेसूची लुगडी घड्या घालून ठेवतात ना, तशा त्यात नद्या ठेवल्या होत्या. काहींच्या घड्या मोडल्याच नव्हत्या अजून. काही जागा मोकळ्या होत्या. तिथली लुगडी कांचननं नेली होती. डोंगरआईनं रोज अंगावर वागवायची ती नदी काढली आणि सावरीच्या पायाशी सोडली.

नदी सावरीच्या मागं मागं चालू लागली. वासरू येतं ना, तशी. मधेच तिच्या टाचेला ओलं नाक लावायची. मधेच एखाद्या खडकाभोवती दोन उड्या मारून पुन्हा धावत यायची. तिच्या पाठीवर मासे चमकत होते. माळावर आली तेव्हा नदीनं मान वर केली, सगळीकडे पाहिलं आणि एक लांब श्वास घेतला. सावरीच्या अंगावर काटा आला. जन्मभर जिच्यात पोहली, तिला तिनं कधी अशी उभी पाहिलीच नव्हती.

पांगरवाडीजवळ सोमी वाटेत उभी होती. कडेवर तान्हं मूल, डोक्यावर रिकामी घागर. तिनं विचारलं, "सावरी, नदी कुठं नेतेस गं?"

"सासरी."

"परत कधी आणशील?"

सावरी खाली बघून पुढं निघाली. नदी मात्र सोमीला ओळखून थांबली. तिनं सोमीच्या मुलाचे पाय चाटले, त्याला हसवलं, आणि मग ती सावरीच्या मागं निघून गेली.

मग बरीच वर्षं गेली.

ढग यायचे. डोंगरआईच्या उघड्या माथ्यावर टेकायला फांदी शोधायचे. फांदी नाही म्हटल्यावर पुढं निघून जायचे. दोन्ही देशांत पाऊस येईना. नगरात आणलेली नदी दिवसेंदिवस बारीक होत गेली. नदी नेली, पण तिला रोज पाजणारं कुणी बरोबर नेलं नव्हतं ना. वाऱ्याबरोबर लाल माती यायची आणि ताटात, डोळ्यांत, गादीवर बसायची. सावरी खिडकीत उभी राहायची, पण धुळीतून डोंगर दिसायचा नाही.

एका दुपारी नगरात गलका झाला. वेशीतून वाघीण आली होती. म्हातारी झालेली, बरगड्या दिसत होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती. सरळ रस्त्यानं चालत आली आणि मनोऱ्यापाशी थांबली. मनोऱ्याचे खांब तिनं एकेक करून हुंगले. मग एका खांबाला अंग घासलं आणि त्याच्याच सावलीत आडवी झाली. तिचं झाड होतं ते. वर पाहिलं तर धनेश पक्षी तुळयांवर चोच आपटत होते. मधमाश्या लाकडाच्या भेगांत शिरत होत्या आणि बाहेर येत होत्या. रान आपलं घर शोधत नगरात आलं होतं.

शिपायांनी बाण लावले. सावरी धावत खाली आली आणि मधे उभी राहिली. म्हणाली, "बाण खाली करा. माहेरचं माणूस आहे."

ती वाघिणीजवळ बसली. वाघिणीनं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. उन्हं कलेपर्यंत दोघी तशाच होत्या. मग वाघीण उठली आणि आली तशी निघून गेली. शिपायांनी तिला वाट करून दिली.

पण राजांचं मन कसं असतं बघा. त्याच आठवड्यात दोन्ही दरबारांत एक प्रवासी येऊन गेला. तो म्हणाला, "डोंगराच्या पोटात एक तेज आहे. ते ज्याच्याकडे असेल त्याचे दिवे तेलाशिवाय जळतील, भट्ट्या कोळशाशिवाय चालतील. त्याला कधी काही कमी पडायचं नाही. आणि दुसऱ्याला कायम त्याच्या दारात उभं राहावं लागेल."

हे शेवटचं वाक्य दोन्ही राजांच्या मनात रुतून बसलं.

उदयकेतू सावरीला म्हणाला, "कांचन निघाली आहे असं ऐकतो. तू तिच्या आधी पोहोच."

सावरी म्हणाली, "अहो, आईची तब्येत बरी नाही."

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला. "आत्ताच जाऊन आण."

सावरीनं त्याच्याकडे पाहिलं. हाच तो, आंबील मागून पिणारा. तो वाईट नव्हता. घाबरला होता. पण घाबरलेला राजा नको ते मागतो. ती निघाली. या खेपेला पालखी नव्हती, कारण भोयांना वाटेत प्यायला पाणी नव्हतं.

चालत चालत ती डोंगरापाशी आली आणि क्षणभर तिला वाटलं, वाट चुकली. डोंगरआई केवढीशी झाली होती. खांदे खचलेले, सगळी हाडं वर आलेली. सावरी दगडावर बसली आणि वाट बघत राहिली. किती तरी वेळानं वाळक्या पानासारखा आवाज आला, "आलीस? आज काय देऊ गं?"

सावरीला हुंदका आला. तिनं खडकाला गाल लावला.

"ताई आधीच आलीय," डोंगरआई म्हणाली. "आत जा. कपारीतून वाट आहे."

मग सावरी आत गेली. जिनं वाढवलं तिच्या पोटात ती कधी गेलीच नव्हती. पहिलं दालन लागलं ते बियांचं. जमिनीपासून छतापर्यंत बिया. मोहरीएवढ्या, मुठीएवढ्या, पंख असलेल्या, काटे असलेल्या. होऊन गेलेल्या झाडांच्या होत्या, आणि जी झाडं अजून कुणी पाहिली नाहीत त्यांच्याही होत्या. सगळ्या झोपेत गुणगुणत होत्या. सावरी पाय न वाजवता पुढं गेली. दुसरं दालन ढगांचं. पिल्लांसारखे एकमेकांना चिकटून ढग झोपले होते. पण थोडेच होते, आणि फार रोडावलेले.

तिसऱ्या दालनाच्या उंबऱ्यावर तिचे पाय आपोआप थांबले.

ते तेज म्हणजे हिरा नव्हता, आग नव्हती. उन्हात डोळे मिटले की पापणीतून दिसतो ना, तो रंग होता त्याचा. एखाद्या गावाएवढं मोठं वाटत होतं, आणि ओंजळीत मावेल असंही वाटत होतं. ते हळूच फुगायचं, हळूच मिटायचं. एकदा फुगलं की छतातून एक थेंब पडायचा. एकदा मिटलं की कुठल्या तरी मुळाला केसाएवढा नवा कोंब यायचा. सावरीनं कान दिला. त्या ठोक्याबरोबर लांबवर समुद्र मागं जात होता, पुढं येत होता. त्या ठोक्याबरोबर वारा वळत होता. त्याच ठोक्याबरोबर तिची स्वतःची छाती वरखाली होत होती. तिनं आपोआप हात जोडले.

ते डोंगरआईचं काळीज होतं.

समोर कांचन बसली होती. मांडीवर सोन्याची रिकामी पेटी.

"ताई," सावरी म्हणाली, "तू कधीची इथं आहेस?"

"कालपासून. हात पुढं जाईना."

"आईनं नको म्हटलं का?"

कांचन म्हणाली, "ती कधी म्हणालीय का आपल्याला नको? पहिल्यांदा मी आले तेव्हाच म्हणायला हवं होतं तिनं. मी थांबले असते."

"ती नाही म्हणायची," सावरी म्हणाली. "मग आपणच म्हणू."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. खूप दिवसांनी भेटल्या होत्या ना. मग त्यांनी दोन्हीकडे निरोप धाडला: आई आजारी आहे, आम्ही तिच्यापाशी राहतो.

निरोप पोहोचला तसे दोन्ही राजे ताडकन उठले. उदयकेतूला वाटलं, तेज वरुणसेनच्या हाती लागलं. वरुणसेनला वाटलं, उदयकेतूच्या. दोघं फौजा घेऊन निघाले. पूर्वेकडून घोडे, पश्चिमेकडून घोडे. धूळ एवढी उडाली की सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसू लागला. वाटेत विहिरी कोरड्या. ओढे कोरडे. घोडे माना टाकायला लागले. भर दुपारी दोन्ही राजे कपारीच्या तोंडाशी समोरासमोर आले आणि दोघांनी तलवारी उपसल्या.

कपारीतून सावरी बाहेर आली. तिच्या मागं कांचन. वाडीतून सोमीही वर आली होती, आणि तिचं धाकटं पोर तिच्या पदराला धरून उभं होतं.

सावरी शांतपणे म्हणाली, "तलवारी बाहेर ठेवा. आजारी माणसाला भेटायला कुणी अशी आणतं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तलवारी खाली ठेवल्या आणि आत आले.

डोंगरआईचा आवाज आला, "जावई आले का? बसा. उन्हातून आलात. पाणी घ्या."

कांचननं पळसाच्या पानांचे दोन द्रोण धरले. वरच्या खडकातून एक थेंब सुटला. मग खूप वेळानं दुसरा. राजे वाट बघत बसले. आयुष्यात ते असे कधी वाट बघत बसले नव्हते. द्रोण कसेबसे अर्धे झाले. दोघांनी एका घोटात रिकामे केले.

"अजून आहे का?" उदयकेतूनं विचारलं.

"एवढंच होतं, जावईबापू," डोंगरआई म्हणाली.

उदयकेतूनं वर पाहिलं. खडक कोरडा झाला होता. मग त्याची नजर सोमीच्या पोराकडे गेली. पोराचे ओठ फुटले होते. ते द्रोणाकडे बघत होतं, पण मागत नव्हतं. उदयकेतूनं द्रोण खाली ठेवला, आणि तो पुन्हा उचलायचं त्याचं धाडस झालं नाही.

सावरी म्हणाली, "दर वेळी मागायला मला पाठवलंत. आज तुम्ही स्वतः आलात. आता तुम्हीच मागा."

उदयकेतूनं मान खाली घातली. त्याच्यानं मागवेना.

पण वरुणसेनला वाटलं, हा गप्प आहे म्हणजे याच्या मनात काहीतरी डाव आहे. तो उठला आणि धावत तिसऱ्या दालनात शिरला. सावरी त्याच्या मागं धावली, आणि तिच्या मागं उदयकेतू आणि कांचन. त्यानं दोन्ही हात त्या तेजाखाली घातले. सावरीनं ते घट्ट दाबून धरायला वरून तळवा ठेवला.

डोंगरआई एवढंच म्हणाली, "घ्या."

वरुणसेननं तेज उचललं. आणि सगळं थांबलं.

सगळं म्हणजे सगळं, बरं का. छतातून सुटलेला थेंब हवेत राहिला. मधमाशी उडता उडता राहिली. बाहेर धुळीचा लोट उभाच्या उभा राहिला, घोड्याचा उचललेला पाय तसाच राहिला. पश्चिमेला समुद्राची एक लाट वर आली आणि फुटलीच नाही. पूर्वेला एक बाई दळत होती, तिचं पीठ जात्याच्या कडेशी लोंबत राहिलं. पाळण्यातली बाळं श्वास घ्यायची थांबली. सावल्या जिथल्या तिथं गोठल्या. आवाज असा कुठं उरलाच नाही.

ज्यांचे हात तेजाला लागले होते, तेवढे दोघेच हलत होते. वरुणसेन आणि सावरी.

वरुणसेनचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "सावरी, मला हे खाली ठेवता येत नाही. फार जड आहे."

सावरीनं एक हात तेजावर तसाच ठेवला. दुसरा हात लांब केला. दाराशी उदयकेतू पुतळ्यासारखा उभा होता. तिनं त्याचं मनगट पकडलं, ओढलं आणि त्याचा तळवा तेजाखाली लावला. उदयकेतूच्या छातीत श्वास आला. त्याच्या मागं कांचन होती. तिचाही हात तिनं असाच ओढून लावला. मग दोन साडू आणि दोन बहिणी, चौघांनी मिळून ते तेज इंच इंच खाली आणलं. उदयकेतूचे हात वरुणसेनच्या हातांखाली होते. जन्मात पहिल्यांदा त्या दोघांनी मिळून काही उचललं होतं. तेज जागेवर टेकलं.

ठोका पडला नाही.

चौघं तशीच बसून राहिली. सावरीनं आपलं कपाळ तेजावर टेकलं आणि लहानपणी मारायची तशी हाक मारली, "आई."

मग खूप वेळानं ठोका पडला. एकच. मग दुसरा. थेंब खाली पडला. मधमाशी उडाली. लांबवर ती लाट फुटली, आणि दोन्ही देशांतली सगळी बाळं एकदम रडली. त्यांच्या आयांना कळलं नाही का ते.

वरुणसेननं आपले तळहात उघडले. त्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या, वाळूवरून पाणी गेल्यासारख्या. तो खाली बसून रडला. कांचन त्याच्याजवळ बसली. तिनं त्याला काही म्हटलं नाही, आणि एकटंही सोडलं नाही.

उदयकेतू बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "आई, आता आम्ही काय करू?"

डोंगरआईला बोलायची ताकद नव्हती. सोमी म्हणाली, "महाराज, आधी पाणी वर आणा."

मग काय, पूर्वेच्या नगरातल्या त्या बारीक झालेल्या नदीपासून माथ्यापर्यंत फौजेची रांग लागली. दुसऱ्या बाजूनं, कालव्यांपासून, पश्चिमेच्या फौजेची. शिरस्त्राणांत पाणी भरून एका हातातून दुसऱ्या हातात. उदयकेतूनं मनोरा उतरवला. ती झाडं काही पुन्हा हिरवी होणार नव्हती. पण त्यांचे ओंडके उतारावर आडवे लावले, म्हणजे माती वाहून जायची थांबली. वरुणसेननं गलबतं खेचून वर आणली, त्यांत माती भरली आणि त्यांत रोपं वाढवली. डोंगरावर गलबतं, बघा. डोंगरआईनं बियांचं दालन उघडून दिलं. सावरी, कांचन आणि सोमी पदरात बिया घेऊन उतारभर फिरल्या. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी उगवलं ते उन्हानं करपलं. सावरी खूप वेळा रडली, आणि रडून झालं की पुन्हा ओंजळ भरून घ्यायची.

नगरात दिवे कमी झाले. कारंजी बंद झाली. लोक आधी कुरकुरले. मग सवय झाली, आणि पोरांना आभाळातले तारे दिसायला लागले.

सावरीचे केस पांढरे व्हायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. ती गुडघाभर रोपांत बसून तण काढत होती. अंगावर सावली आली. वर पाहिलं तर एक लहानसा ढग. तो घुटमळला, एका कोवळ्या ऐनाच्या शेंड्याला त्यानं अंग लावून पाहिलं, आणि मग तिथंच बसला. सावरी हललीसुद्धा नाही. तिच्या भुवईवर पाण्याचे बारीक मणी जमले, तेवढ्यानंही तिला भरून आलं.

मग ढग येत राहिले. दरीत पाण्याची एक रेघ दिसली, तिचा ओहोळ झाला, ओहोळाची नदी झाली. सोमीच्या नातीनं त्यातून घागर भरली.

सगळं काही परत आलं नाही हं. खोटं कशाला सांगू? पश्चिमेचा एक कडा अजून उघडाच आहे, आणि त्या दालनातल्या कितीतरी बिया उगवल्याच नाहीत. पण रान परत आलं. एक वाघीण आली, निराळीच, तरणी, मागं दोन बछडे घेऊन.

दोन्ही साडू म्हातारपणी पांगरवाडीत ओट्यावर बसून सोंगट्या खेळायचे आणि मनसोक्त भांडायचे. दोन्ही देशांतली माणसं डोंगराकडे जाताना सोबत काहीतरी न्यायची, कुणी मातीची पाटी, कुणी पाण्याचा तांब्या, कुणी नुसतं एक रोप. कांचन आणि सावरी शेजारी शेजारी झोपड्या बांधून राहिल्या. सगळी सुखानं नांदली.

आणि डोंगरआई? कितीतरी वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता ती धुकं अंगावर ओढून घेते आणि गाढ झोपते. लेकीसुद्धा तिच्याजवळून पाय न वाजवता जातात.

तुम्हीही डोळे मिटा आता. हळूच बोला. ती झोपलीय.